'अळीकूज' : एक नाव, दोन रोग आणि जुन्या मधपेटीचा प्रश्न

मधमाश्यांची वसाहत रोगाने मेली म्हणजे मधपाळाच्या हाती उरते ती लाकडाची पेटी, तिच्यातील दहावीस चौकटी, चौकटींतील पोळी आणि तळाशी राहिलेला थोडासा मध. हे सामान धुऊनपुसून पुन्हा वापरावे की जाळून टाकावे, हा प्रश्न वरवर पाहता शेतकी खात्याच्या पत्रकाचा आहे. विभागाच्या या पत्रिकेत त्याला जागा मागण्याचे कारण निराळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप व उत्तर अमेरिका येथील जाणत्या मधपाळांत या प्रश्नावर दीर्घकाळ वाद चालला. वादातील दोन्ही पक्ष अनुभवी होते, प्रामाणिक होते, आणि तरीही त्यांच्या साक्षी परस्परांच्या सर्वस्वी विरुद्ध होत्या. या विरोधाचा उलगडा पुढे सूक्ष्मदर्शकाखाली झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु तो विरोध उत्पन्न होण्याचे आणि इतकी वर्षे टिकून राहण्याचे एक प्रमुख कारण एका शब्दात दडलेले होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या शब्दाचा व त्याच्यामागे उभ्या असलेल्या लाकडी पेटीचा इतिहास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

तो शब्द म्हणजे जर्मन भाषेतील 'फाउलब्रूट' आणि त्याचे इंग्रजी प्रतिरूप 'फाउल ब्रूड'. आपल्याकडील पत्रकांतून तो बहुधा जसाच्या तसा देवनागरीत लिहिला जातो. शेतकऱ्यांच्या तोंडी मूळकूज, खोडकूज, फळकूज हे शब्द पूर्वीपासून रुळलेले आहेत. त्यांच्याच धर्तीवर या लेखात 'अळीकूज' हा शब्द योजिला आहे. पोळ्यातील अळी घरातच मरते, कुजते आणि तिला दुर्गंध येतो, हे या रोगाचे ढोबळ स्वरूप. जर्मन 'फाउल' व इंग्रजी 'फाउल' ही दोन्ही रूपे ज्या मूळ धातूपासून आली, त्यापासूनच संस्कृतातील 'पूति' आणि 'पूय' हे शब्द सिद्ध झाले आहेत. मूळच्या प-काराचा जर्मानिक शाखेत फ-कार होतो, हा नियम आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. मराठीतील 'पू' हा त्याच कुळातला. म्हणजे जखमेतल्या 'पू'चे आणि जर्मन मधपाळाच्या 'फाउलब्रूट'चे नाते सख्खे नसले तरी चुलत म्हणावे इतके जवळचे आहे. जर्मन भाषेत 'फाउल' याचा दुसरा अर्थ 'आळशी' असा होतो. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्राण्यांच्या इतिवृत्तात मधमाश्यांच्या एका रोगाची लक्षणे म्हणून माश्यांना येणारी सुस्ती आणि पोळ्याला येणारी दुर्गंधी या दोन गोष्टी शेजारीशेजारी सांगितलेल्या आहेत. हा निव्वळ योगायोग होय. त्यातून काही सिद्ध करू पाहणे धाडसाचे ठरेल.

सिद्ध होते ते एवढेच की, रोगाची ओळख प्रथमपासून नाकाने झाली. प्राचीन रोमन लेखकांत व्हर्जिल आणि कोलुमेला यांनी मधमाश्यांच्या आजारांवर सविस्तर लिहिले आहे. त्यांचा भर औषधी वनस्पतींचा धूर, सुवासिक पाल्याने पोळ्याचे भांडे घासणे आणि आतील केर झाडून काढणे यांवर आहे. दुर्गंध हाच दोष, तेव्हा सुगंध हाच उपाय, अशी ती विचारसरणी होती. तिला आज हसण्याचे कारण नाही. मातीच्या नळकांड्यात, सालीच्या पेटाऱ्यात किंवा गवताच्या दोरीने विणलेल्या टोपलीत माश्या पाळणाऱ्याला याहून अधिक काही करण्याची फारशी गरजही नव्हती. त्या काळी मध काढावयाचा म्हणजे पोळे कापून पिळावयाचे. उत्तर युरोपातील गवती टोपल्यांच्या पद्धतीत तर शरद ऋतूत निवडक टोपल्यांतील माश्या गंधकाच्या धुराने मारून सगळे पोळे काढून घेत. पोळे दरवर्षी नवे होई, टोपली स्वस्त असे, आणि बिघडलेली टोपली चुलीत घालताना कोणाला फारसे दुःख होत नसे. रोगाला घर करून राहावयास त्या व्यवस्थेत जागाच थोडी होती. ती पद्धती माश्यांच्या दृष्टीने क्रूर होती खरी. पण निर्जंतुकीकरणाचे काम ती नकळत करीत होती.

रोगाला त्याचे रूढ नाव दिले ते आडाम गॉटलोब शिराख यांनी, 1769 मध्ये. शिराख हे जर्मनीच्या पूर्वेकडील अपर लुसाटिया या प्रांतातील धर्मोपदेशक. जन्माने ते सॉर्बियन, म्हणजे जर्मन भाषेच्या वेढ्यात टिकून राहिलेल्या एका लहानशा स्लाव्ह भाषिक समाजातील. कामकरी माशीच्या अळीपासून राणी तयार होऊ शकते, या त्यांच्या प्रतिपादनामुळे त्यांचे नाव जीवशास्त्राच्या इतिहासात राहिले आहे. अळीकुजेविषयी त्यांनी सांगितलेला उपाय मात्र तितक्याच लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. सर्व दूषित पोळी काढून टाकावी, माश्यांना दोन दिवस उपाशी ठेवावे आणि मग त्यांना नवे पोळे द्यावे, असे ते सांगतात. रोगाच्या कारणाविषयी त्यांच्या कल्पना आज टिकणाऱ्या नाहीत. वाईट अन्न आणि अळी घरात उलटी बसणे यांना ते दोष देत होते. पण उपाय विलक्षण अचूक होता. उपवासाने माश्यांच्या पोटातील मध संपतो आणि पोळ्यांबरोबर कुजलेल्या अळ्याही जातात. कारण चुकलेले आणि उपाय बरोबर, असा प्रकार वैद्यकाच्या इतिहासात विरळा नाही.

शिराख यांच्यानंतर शंभर वर्षांच्या आत मधमाशापालनाचे स्वरूप मुळापासून पालटले. सायलेशियातील धर्मगुरू यान जेर्झोन आणि अमेरिकेतील लोरेन्झो लँगस्ट्रॉथ ही या पालटातील दोन मोठी नावे. माश्या ज्या फटीत मेणही भरीत नाहीत आणि पोळेही बांधीत नाहीत अशा ठराविक रुंदीच्या मोकळ्या जागेचे महत्त्व लँगस्ट्रॉथ यांना 1851 मध्ये उमगले, आणि 1852 मध्ये त्यांनी सुट्या चौकटींच्या पेटीचे पेटंट घेतले. 1857 मध्ये योहानेस मेहरिंग यांनी मेणपत्रा तयार केला. 1865 मध्ये ह्रुश्का यांनी चौकट गरागरा फिरवून मध बाहेर फेकणारे यंत्र पुढे आणले. या तीन शोधांचा एकत्रित परिणाम असा झाला की, पोळे आता पिळून टाकण्याची वस्तू उरली नाही. माश्यांना मेण तयार करण्यासाठी पुष्कळ मध खर्ची घालावा लागतो. तेव्हा रिकामे केलेले पोळे त्यांना परत दिले तर तोच मध मधपाळाला मिळतो. पोळे हे भांडवल झाले. पेटी सुताराकडून मापात करून घ्यावयाची आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरावयाची, चौकटी या पेटीतून त्या पेटीत न्यावयाच्या, दुबळ्या वसाहतीला बलवान वसाहतीची चौकट उसनी द्यावयाची, हा नव्या पद्धतीचा आत्माच होता.

आणि याच मार्गाने रोगालाही वाहन मिळाले. जी चौकट सहज हलते तिच्यावरील खपली सहज हलते. मेलेल्या वसाहतीची पेटी उघडी राहिली तर शेजारच्या माश्या तिच्यातील मध लुटून नेतात आणि मधाबरोबर रोग घरी आणतात. मधपाळाने तीच पेटी नव्या थव्याला दिली तर लुटीचीही आवश्यकता उरत नाही. 1848 मध्ये खुद्द जेर्झोन यांच्या वसाहतींत अळीकुजेने मोठा संहार केला. सुट्या पोळ्यांच्या पद्धतीचा युरोपातील सर्वांत मोठा पुरस्कर्ताच तिच्या दोषाचा बळी व्हावा, यात दैवाचा खेळ पाहणारे पाहोत. इतिहासकाराने पाहावयाचे ते हे की, जेर्झोन यांनी या आपत्तीतून एक निरीक्षण मिळविले. अळीकूज दोन प्रकारची असते, असे त्यांनी पुढे लिहिले. एकीत अळ्या घराला झाकण बसण्यापूर्वी मरतात आणि वसाहत सुधारू शकते. दुसरीत झाकणाखाली मरतात आणि वसाहत बहुधा वाचत नाही. एका शब्दाच्या पोटात दोन वस्तू आहेत, ही शंका येथे प्रथम स्पष्टपणे शब्दबद्ध झाली. परंतु दोन्हींना 'फाउलब्रूट' हेच नाव राहिले. 'सौम्य' आणि 'दुर्धर' अशी विशेषणे जोडली गेली. आणि विशेषणाने वस्तूचा प्रकार कळतो, जात कळत नाही.

अमेरिकेत याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातील मोझेस क्विन्बी हे माश्या हुसकून रिकाम्या पेटीत घालण्याचा उपाय सांगत होते. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो परगण्याने 1877 मध्ये अळीकुजेसाठी तपासणीचा नियम केला. अमेरिकेतील अशा कायद्यांचा आरंभ तेथून धरतात. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताने 1890 मध्ये विल्यम मॅकेव्हॉय यांना तपासनीस नेमले. त्यांची पद्धती पुढे फार प्रसिद्ध झाली. संध्याकाळी, मधाचा हंगाम चालू असताना, माश्या झटकून नुसत्या मेणपत्र्याच्या पट्ट्या लावलेल्या चौकटींवर घालावयाच्या. चार दिवसांनी त्या चौकटीही काढून घ्यावयाच्या आणि पूर्ण मेणपत्रे द्यावयाचे. या चार दिवसांत माश्यांच्या पोटातील दूषित मध पोळे बांधण्यात खर्च होतो, ही त्यामागील कल्पना. शिराख यांचाच उपवास येथे कामाचे रूप घेऊन परत आलेला दिसतो. मॅकेव्हॉय यांचे वादग्रस्त विधान याच्या पुढचे आहे. पोळी काढून टाकल्यावर जुनी पेटी कोणत्याही प्रकारे शुद्ध करण्याची गरज नाही, असे ते आग्रहाने सांगत. ओहायओतील रूट कुटुंबाच्या सर्वत्र वाचल्या जाणाऱ्या हस्तपुस्तकाचा कल उलट होता: पेटी उकळून किंवा तिला जाळ दाखवून घेणेच श्रेयस्कर.

कोणाचे खरे मानावयाचे? सामान्य मधपाळापुढे हा तात्त्विक प्रश्न नव्हता. पन्नास पेट्या म्हणजे कित्येक वर्षांची बचत होती. तपासनिसाच्या एका शब्दावर ती होळीत जाणार किंवा सुटणार होती. आणि सुटली तर कदाचित पुढच्या वसंतात उरलेल्या पेट्याही घेऊन बुडणार होती.

विज्ञानाने आरंभी या गोंधळात भरच घातली. 1868 मध्ये प्रॉइस यांनी रोगाचे कारण बुरशीवर्गीय वनस्पती असल्याचे सांगितले. 1885 मध्ये इंग्लंडातील फ्रँक चेशर आणि वॉटसन चेन यांनी कुजलेल्या अळ्यांतून एक दंडाणू वेगळा करून त्याला 'बॅसिलस अल्व्हेई' असे नाव दिले आणि 'अळीकुजे'चे कारण सापडल्याचे जाहीर केले. पाश्चर व कॉख यांच्या यशाने भारलेला तो काळ. ब्रिटिश बेटांत मग कार्बॉलिक ॲसिड, नॅफ्थॉल, नॅफ्थलीन, कापूर अशा जंतुनाशकांची पेटीत व पाकात योजना होऊ लागली. सुगंधी पाल्याची जागा औषधाच्या उग्र वासाने घेतली. पण नाकावरचा भरवसा तसाच राहिला. चेशर व चेन यांचा दंडाणू खरा होता. तो कोणत्या 'अळीकुजे'तला, हा प्रश्न मात्र त्यांना विचारावासाच वाटला नाही; कारण ते नाव एकच होते.

एकोणिसावे शतक संपता संपता न्यूयॉर्क राज्यात अळ्यांचा एक रोग पसरला. तेथील मधपाळांना तो परिचित अळीकुजेहून निराळा दिसला. अळी काळवंडे, पण तिचा लांब चिकट तार निघत नसे. त्यांनी त्याला 'ब्लॅक ब्रूड', म्हणजे 'काळी अळी', असे नाव दिले. नाव देणारे हे लोक शास्त्रज्ञ नव्हते, आणि तरी या प्रकरणात सर्वांत नेमका भेद त्यांच्या बोलीने केला होता. कॉर्नेल विद्यापीठात या रोगाची तपासणी झाली तेव्हा विलक्षण गोष्ट निदर्शनास आली. चेशर-चेन यांचा बॅसिलस अल्व्हेई या 'काळ्या अळी'त सापडत होता. उलट, काडी बुडवून ओढली असता तारेसारखा लांब धागा निघावा आणि सरसाच्या भांड्यासारखा वास यावा अशा ज्या रोगाला अमेरिकन मधपाळ 'फाउल ब्रूड' म्हणत आले होते, त्यात तो सापडत नव्हता. तेथे एक वेगळाच जंतू होता. जी. एफ. व्हाइट यांनी त्याला आरंभी 'बॅसिलस एक्स' एवढेच म्हटले. माहीत नसलेल्या वस्तूला अज्ञात राशीचे चिन्ह लावण्याचा हा संयम प्रस्तुत लेखकास फार मोलाचा वाटतो. पुढे 1906 पर्यंत त्याचे 'बॅसिलस लार्व्ही' असे नामकरण झाले.

आता नावाचा पेच उभा राहिला. शास्त्रीय अग्रक्रमाचा नियम लावला तर 'फाउल ब्रूड' हे नाव 'काळ्या अळी'ला द्यावयास हवे होते. कारण त्या नावाखाली प्रथम वर्णिलेला जंतू तिच्यात होता. तसे केले असते तर हजारो मधपाळांच्या, तपासनिसांच्या आणि कायद्यांच्या भाषेत तो शब्द एका रात्रीत उलट्या अर्थाचा झाला असता. तडजोड निघाली ती अशी: दोन्ही रोगांना 'फाउल ब्रूड'च म्हणावे, ज्याचा अभ्यास चेशर-चेन यांनी युरोपात केला तो 'युरोपियन', आणि ज्याचा अभ्यास व्हाइट यांनी अमेरिकेत केला तो 'अमेरिकन'. अमेरिकेच्या कृषिखात्यातील मधमाशापालनाचे प्रमुख ई. एफ. फिलिप्स यांचा या नामकरणात मोठा वाटा होता. विशेषणे रोगाच्या जन्मस्थानाची नसून संशोधकाच्या खुर्चीची आहेत, हे त्याच वेळी स्पष्ट करण्यात आले होते. पण विशेषणाला खुलासा चिकटून राहत नाही. अमेरिकन अळीकूज अमेरिकेतून आली असे आजही पुष्कळांना वाटते. युरोपियन अळीकुजेचे खरे कारण बॅसिलस अल्व्हेई नसून तो मागाहून शिरणारा जंतू आहे, आणि मूळ कारण दुसराच एक सूक्ष्मजंतू आहे, हे व्हाइट यांनी 1912 मध्ये दाखविले. म्हणजे ज्या शोधाच्या मानासाठी 'युरोपियन' हे विशेषण दिले गेले, तो शोधही सहा वर्षांत गळून पडला. नाव राहिले.

हे वाटप झाल्यावर जुन्या साक्षी पुन्हा वाचता येऊ लागल्या. न्यूयॉर्कमधील ई. डब्ल्यू. अलेक्झांडर यांनी 1905 मध्ये एक उपाय प्रसिद्ध केला होता: राणी काढून घ्यावी, सुमारे तीन आठवडे वसाहतीत नवी अंडी पडू देऊ नयेत, त्या अवधीत माश्या आपली घरे आपणच स्वच्छ करतात; मग तरुण राणी द्यावी. पोळी टाकावयाची नाहीत, पेटी बदलावयाची नाही. अनेकांना गुण आला. तारेच्या अळीकुजेवर ज्यांनी हाच प्रयोग केला त्यांच्या पदरी निराशा आली. अलेक्झांडर खोटे सांगत नव्हते. त्यांच्या भागातील रोग युरोपियन होता. त्याचा मूळ जंतू बीजाणू करीत नाही. तो पोळ्यात बराच काळ तग धरू शकतो हे खरे, पण बलवान वसाहत हंगाम चांगला असताना त्याला पुष्कळदा स्वतःच झाडून टाकते. अमेरिकन अळीकुजेचा जंतू बीजाणू करतो. मेलेली अळी वाळून घराच्या खालच्या भिंतीला जी काळसर खपली धरते, तीत सुमारे अडीच अब्ज बीजाणू असू शकतात, आणि ती खपली माश्यांना खरवडून काढता येत नाही. एल. हेझमन यांनी 1961 मध्ये पस्तीस वर्षे ठेवलेल्या खपल्यांतील बीजाणू जिवंत असल्याचे दाखविले. पुढील निरीक्षणांत हा काळ सत्तर वर्षांच्या जवळ गेला आहे. आजोबांच्या कोठीतील पेटी नातवाने खाली काढावी आणि रोग पुन्हा सुरू व्हावा, हे यात अक्षरशः शक्य आहे.

मॅकेव्हॉय यांचे काय? त्यांचा रोग तर तारेचाच होता. येथे दुसरा भेद उपयोगी पडतो, आणि तो नावाचा नसून जागेचा आहे. बीजाणूंचा साठा मुख्यतः पोळ्यात व मधात असतो. गुळगुळीत फळीवर तो तुलनेने थोडा असतो. शिवाय माश्या पेटीची आतली बाजू झाडांच्या चिकापासून केलेल्या राळेने लिंपतात, त्यामुळे फळीवरचा अंश पुष्कळ वेळा त्या थराखाली गाडला जातो. सर्व पोळी नष्ट करून माश्यांचा मध संपविणाऱ्या माणसाला न धुतलेली पेटी अनेकदा धार्जिणी ठरली, यात आश्चर्य नाही. अनेकदा म्हणजे नेहमी नव्हे, आणि कायदा 'अनेकदा'वर उभा राहत नाही.

येथे आपल्या परंपरेतील एका प्रकरणाची आठवण होते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आहे. तेथे प्रत्येक पदार्थाची शुद्धी त्याच्या घडणीप्रमाणे सांगितली आहे: लाकडाच्या वस्तू तासाव्या, मातीचे भांडे पुन्हा भाजावे, पण मद्यमूत्रादिकांनी बिघडलेले मातीचे भांडे पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाही. शास्त्रकारांना जंतू माहीत नव्हते आणि त्यांची अशुद्धी मुख्यत्वे विधीची होती. त्यांच्यावर आधुनिक विज्ञान लादणे अनैतिहासिक होईल. तरीही शुद्धी हा एकच एक संस्कार नसून द्रव्य आणि दोष या दोहोंवर अवलंबून असतो, ही विचाराची घडण ध्यानात घेण्यासारखी आहे. युरोपीय भाषांतील 'डिसइन्फेक्ट' या शब्दात ती नाही. लॅटिनमध्ये 'इन्फिकेरे' म्हणजे रंगात बुडविणे, डाग पाडणे. दोष हा सर्वत्र सारखा पसरलेला रंग आहे आणि तो धुतला की गेला, असे चित्र त्या शब्दात गृहीत आहे. अळीकुजेच्या बाबतीत हे चित्र फसवे होते. डाग सर्वत्र नव्हता. तो एका खपलीत दाटलेला होता.

1920 नंतरची दोन दशके ही पोळे वाचविण्याच्या शेवटच्या मोठ्या प्रयत्नाची होत. ओहायओतील हुट्झेलमन यांनी 1922 च्या सुमारास मद्यार्क व फॉर्मॅलिन यांचे मिश्रण सुचविले. झाकणे काढून पोळी त्यात भिजत ठेवावयाची. पुढे पाण्यातील फॉर्मॅलिन, साबणातील फॉर्मॅलिन, क्लोरीन वायू असे प्रकार झाले. झाकलेल्या घरात आणि जाड खपलीच्या आत द्रव पोचला नाही की सगळे श्रम फुकट जात. हळूहळू मत ठाम होत गेले की पोळी, चौकटी आणि मध यांचा मोह सोडावा. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, ब्रिटनने अळीकुजेसंबंधी आदेश काढला. त्यानंतर रूढ झालेली रीत अशी आहे: संध्याकाळी सगळ्या माश्या घरी परतल्यावर त्यांना मारावयाचे, खड्डा खणून त्यात माश्या, पोळी व चौकटी जाळावयाच्या आणि राख मातीने झाकावयाची, पेटी, तळपाट व झाकण यांवरील मेण आणि राळ खरवडून ती खरवडही त्याच खड्ड्यात टाकावयाची, मग ब्लोलॅम्पच्या ज्योतीने लाकूड सर्वत्र तपकिरी होईपर्यंत भाजावयाचे, विशेषतः कोपरे व सांधे. खरवडल्यावाचून भाजले तर ज्योत राळेवर फिरते आणि लाकूड तसेच राहते. हातमोजे आणि पटाशी धुण्याच्या सोड्याने स्वच्छ करावयाची. दोन हजार वर्षे लाकडाचा वास घेणाऱ्या धंद्याने शेवटी लाकडाचा रंग पाहावयास आरंभ केला.

औषधांचे प्रकरण लवकर आटोपता येईल. 1944 मध्ये हेझमन व चिल्डर्स यांनी मिसूरीत सल्फाथायझोलचा गुण दाखविला, 1950 नंतर ऑक्सिटेट्रासायक्लीन आले, आणि अमेरिकेत पुष्कळांना वाटले की होळीचे दिवस संपले. ही औषधे वाढणाऱ्या जंतूला आवरतात. बीजाणूला काही करीत नाहीत. पाकातून औषध चालू असेपर्यंत पेटी निरोगी दिसे, आणि ती पेटी विकली, उसनी दिली, औषध थांबविले की खपली जागी होई. विसाव्या शतकाच्या अखेरीस औषधाला दाद न देणारे जंतू अर्जेंटिना व अमेरिकेत आढळले. न्यूझीलंडने अळीकुजेसाठी औषधाचा मार्ग स्वीकारलाच नाही. तेथे रोगट वसाहत जाळणे बंधनकारक आहे, आणि पेटीचे लाकूड वाचवावयाचे तर ते 160 अंश सेल्सिअस तापलेल्या पॅराफिन मेणात दहा मिनिटे बुडवावे लागते. ऑस्ट्रेलियात 1980 नंतर गॅमा किरणांचा मार्ग खुला झाला. कोबाल्टच्या किरणोत्सर्गाखाली पोळ्यांसकट पेटी निर्जंतुक करता येते, आणि म्हणून हुट्झेलमन यांना जे साधले नाही ते, म्हणजे पोळे वाचविणे, येथे प्रथमच साधले. अर्थात ज्याच्या गावाजवळ तशी मोठी यंत्रणा आहे त्यालाच.

माश्यांची स्वतःची सफाई हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात 1930 नंतरच्या दशकात पार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचवीस वसाहतींना रोगट पोळ्याचे तुकडे दिले, तेव्हा सात वसाहती निरोगी राहिल्या. वॉल्टर रोथेनब्यूलर यांनी 1964 मध्ये याचा संबंध दोन वेगळ्या आनुवंशिक क्रियांशी जोडला: घराचे झाकण उघडणे आणि मेलेली अळी बाहेर टाकणे. काही माश्या झाकण उघडत आणि तेथेच थांबत. काही उघडत नसत, पण कोणी उघडून दिले तर अळी बाहेर काढीत. आनुवंशिकतेचे गणित पुढे याहून गुंतागुंतीचे ठरले, तरी साफ करणे ही एक क्रिया नसून दोन आहेत, हे निरीक्षण कायम आहे.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर सातेरी माशीचा मोठा संहार केला तो अळीकुजेने नव्हे, तर थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने. 1978 च्या सुमारास ईशान्येकडे आणि 1991-92 मध्ये केरळ, कर्नाटक व तामिळनाडू येथे त्याने असंख्य पेट्या रिकाम्या केल्या. त्यातही अळी मरते, पण ती सडत नाही; पाणी भरलेल्या पिशवीसारखी होते, आणि इंग्रजी नावातील 'सॅक' म्हणजे तीच पिशवी. विषाणूला बीजाणू नसतो. त्यामुळे अमेरिकन अळीकुजेसाठी लिहिलेली खड्ड्याची आणि ब्लोलॅम्पची रीत या रोगाने रिकाम्या झालेल्या पेटीला जशीच्या तशी लागू होत नाही. 'अळ्या मरण्याचा रोग' असे एकच मोघम नाव पत्रकात वापरले, तर ऑन्टारियो आणि न्यूयॉर्क येथील जुना वाद सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर नव्याने सुरू होण्यास वेळ लागणार नाही. यासाठीच मराठी परिभाषेत 'अळीकूज' हा शब्द सडणाऱ्या दोन रोगांपुरता मर्यादित ठेवून, अमेरिकन प्रकारास 'तारेची अळीकूज' व युरोपियन प्रकारास 'बिनतारेची अळीकूज' म्हणावे आणि विषाणुरोगास 'पिशवीरोग' असे स्वतंत्र नाव द्यावे, अशी सूचना करावीशी वाटते. युरोपियन प्रकारातही केव्हा केव्हा थोडा आखूड तार निघतो, हा आक्षेप ठाऊक आहे. पण काडी बुडवून पाहण्याची खूण नावातच असावी, हा लाभ त्याहून मोठा आहे.

व्हाइट यांच्या जंतूचे शास्त्रीय नाव यानंतरही बदलत राहिले. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तो 'पेनिबॅसिलस' या नव्या प्रजातीत गेला, आणि 2006 मध्ये त्याच्या दोन उपजाती एकत्र करण्यात आल्या. 'पेने' म्हणजे लॅटिनमध्ये 'जवळजवळ'. तेव्हा हा 'जवळजवळ दंडाणू' झाला. इंग्लंडात तारेच्या रोगाची पेटी अजून जाळतात. बिनतारेच्या रोगात मात्र पुष्कळदा माश्या झटकून स्वच्छ पेटीत, नव्या मेणपत्र्यांवर घालतात आणि जुनी पोळी नष्ट करतात. डेन्मार्कमध्ये हीच झटकण्याची रीत तारेच्या रोगालाही लावतात. शिराख यांनी 1769 मध्ये सांगितलेला उपाय तो हाच. त्यातील दोन दिवसांचा उपवास तेवढा सर्वत्र पाळला जात नाही.